पाठांतर, परवचा आणि स्मृतिवर्धक बाटली

माघ महिना लागला की आयुर्वेदीय औषधांच्या दुकानांतून एक ठराविक मागणी सुरू होते. बारावीच्या परीक्षेला पंधरा दिवस उरलेले असतात, मुलाच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळे असतात आणि वडील काउंटरवर हात टेकवून विचारतात, ‘स्मरणशक्तीसाठी काही चांगले द्या.’ दुकानदार मागे वळतो. ब्राह्मी, शंखपुष्पी, ज्योतिष्मती अशी नावे असलेल्या बाटल्यांची एक रांगच त्याने डिसेंबरात ‘दहावर दोन’च्या स्कीममध्ये भरून ठेवलेली असते. बाटली दिली जाते, पैसे घेतले जातात, मूल घरी जाऊन रात्री दोन वाजेपर्यंत पुन्हा जागते. ह्या व्यवहारात खोटे कोणीच बोललेले नसते. तरीही ह्यात चिकित्सा कितीशी झाली, असा प्रश्न आम्हाला गेली काही वर्षे सतावतो आहे आणि तो आमच्या व्यवसायबंधूंपुढे मांडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच स्पष्ट करतो की मेध्य द्रव्यांविषयी आमच्या मनात यत्किंचितही अश्रद्धा नाही. चरकाचार्यांनी रसायनाध्यायात मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर यष्टीमधूचे चूर्ण, गुडूचीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क ही चार मेध्य रसायने सांगितली आणि त्यांत शंखपुष्पीला विशेष स्थान दिले. ब्राह्मी ह्या नावाखाली आज बाजारात बहुधा जलब्राह्मी येते, काही ठिकाणी मंडूकपर्णीही येते. शंखपुष्पी म्हणून तर तीन-चार निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. पण ह्या द्रव्यांना गुण आहे हे आपण परंपरेने जाणतो आणि आधुनिक पद्धतीच्या चाचण्यांतूनही त्याला काही आधार मिळालेला आहे. प्रश्न आहे तो आपण ती कोणत्या काळी, कशासाठी आणि कशाच्या जोडीने देतो हा.

ह्या संदर्भात ऑस्ट्रेलियात झालेली आणि २००२ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आम्हाला फार उद्बोधक वाटते. ४० ते ६५ वर्षे वयाच्या ७६ व्यक्तींना तीन महिने जलब्राह्मीचे सत्त्व किंवा त्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. ब्राह्मी घेणाऱ्यांची नवीन गोष्ट शिकण्याची गती वाढली नाही. शिकलेले विसरण्याचा वेग मात्र कमी झाल्याचे संशोधकांना दिसले. अमरकोशात मेधा म्हणजे धारण करणारी बुद्धी असा अर्थ दिला आहे, तो ह्या निष्कर्षाशी किती जुळतो पाहा! मेध्य द्रव्य धारणेला साहाय्य करते. पण जे धारण करावयाचे ते आधी ग्रहण झालेले असले पाहिजे. ज्याने वर्षभर काही वेचलेच नाही, त्याच्या परडीला खालून कितीही लिंपण केले तरी परडी रिकामीच राहणार. शिवाय ही चाचणी तीन महिन्यांची होती, पंधरा दिवसांची नव्हती, हेही दुकानदार मित्रांनी लक्षात घ्यावे.

मग ग्रहण कसे करावे? येथे आपले शास्त्र मूक नाही. मूक आपणच झालो आहोत. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात अध्ययनविधी सांगितला आहे. पहाटे उठून, आवश्यक कर्मे आटोपून, सपाट व स्वच्छ जागी सुखाने बसावे. वाणीच्या पुढे मन चालले पाहिजे अशा रीतीने सूत्र म्हणावे. अर्थाच्या गाभ्यात बुद्धीने शिरून त्याची पुनःपुन्हा आवृत्ती करावी. आणि हेच दुपारी, तिसऱ्या प्रहरी व रात्रीही करावे, असा त्याचा आशय. आम्ही विद्यार्थिदशेत हा भाग परीक्षेपुरता वाचला आणि ‘विद्यार्थ्याची दिनचर्या’ म्हणून सोडून दिला. पुढे लक्षात आले की ह्यात आवृत्ती एका बैठकीत चार वेळा करण्यास सांगितलेली नाही, चार वेळांना एकेकदा करण्यास सांगितली आहे. मधले अंतर हाच त्या विधीचा प्राण आहे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस ह्याने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करून ते किती वेगाने निसटतात ह्याचे त्याने मोजमाप केले, तेव्हा तासाभरात निम्म्याहून अधिक आणि एका दिवसात सुमारे दोन-तृतीयांश संस्कार पुसला गेल्याचे आढळले. अक्षरे निरर्थक होती म्हणून हा वेग इतका मोठा. अर्थासहित शिकलेले इतक्या लवकर जात नाही, आणि अर्थतत्त्वात शिरण्याचा चरकांचा आग्रह ह्यासाठीच असावा. त्याच प्रयोगांतून हेही निघाले की एकाच दिवशी रेटून केलेल्या आवृत्त्यांपेक्षा दिवसादिवसांच्या अंतराने विभागलेल्या आवृत्त्या कमी श्रमात अधिक पदरात टाकतात.

शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात स्मृतीची आठ कारणे सांगितली आहेत, ती आपणा सर्वांस ठाऊक आहेत. त्यांपैकी दोहोंकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो: अभ्यास आणि पुनःश्रुत. ही दोन वेगळी का मोजली? एकदा ऐकलेले पुन्हा कानी पडले की विसरलेले आठवते, हे पुनःश्रुत. अभ्यासात मात्र स्वतःचा यत्न अभिप्रेत आहे. आजचा विद्यार्थी पिवळ्या-हिरव्या शाईने रेघा मारलेले तेच पान पाचव्यांदा वाचतो, ते पान त्याला ओळखीचे वाटते आणि ‘मला हे येते’ असे समाधान होते. हे पुनःश्रुत झाले. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर ते पान आठवून लिहून काढणे, अडले की थोडा वेळ अडूनच राहणे आणि मग पुस्तक उघडून चूक पाहणे, हा अभ्यास. हा भेद आमचा आम्ही वाचला आहे, टीकाकारांच्या माथी मारत नाही. पण व्यवहारात त्याचा पडताळा आलेला आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक ह्या दोघांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार पाळ्यांत वाचला. काहींनी एकाच पाळीत वाचला आणि उरलेल्या तीन पाळ्यांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांपाशी ४० टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांपाशी ६१ टक्के. वाचणाऱ्यांना आपले अधिक लक्षात राहील असा विश्वास होता, हे त्यातले मर्म.

मराठी घरांत ह्या विद्येचे एक साधे रूप होते. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावून मुले परवचा म्हणत. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. आजोबा झोपाळ्यावर बसून ऐकत आणि चुकले की टोकत. पाटी समोर नसे. दिवसा शाळेत शिकलेले संध्याकाळी न पाहता म्हणावयाचे, उद्या पुन्हा, परवा पुन्हा. किराणा दुकानातील मुनीम साडेतीन शेरांचा हिशेब तोंडी करीत असे तो ह्या औटकीच्या बळावर. घोकंपट्टी म्हणून आपण पुढे तिची थट्टा केली, आणि त्या थट्टेत तथ्य नव्हते असेही नाही. सुश्रुतांनी अर्थ न जाणता ग्रंथ पाठ करणाऱ्यास चंदनाचा भारा वाहणाऱ्या गाढवाची उपमा देऊन ठेवलीच आहे. त्याला ओझे कळते, चंदन कळत नाही. परंतु गाढव नको म्हणून आपण चंदनही टाकून दिले.

पाठांतराचा आणखी एक दोष आहे, आणि त्याची किंमत आमच्या एका रुग्णाने मोजली आहे. तो प्रसंग सांगणे आम्हाला सुखाचे नाही.

काही वर्षांपूर्वी साधारण सत्तरीचे एक निवृत्त गृहस्थ आमच्याकडे आले. नावे आठवत नाहीत, किल्ल्या कोठे ठेवल्या ते स्मरत नाही, बोलणे मंदावले आहे, अशी तक्रार. बरोबर सून होती. आम्ही नाडी पाहिली, वयाचा विचार केला, ब्राह्मी घृत आणि सारस्वतारिष्ट लिहून दिले. जाता जाता दारात थांबून सूनबाई म्हणाल्या, ‘वैद्यबुवा, बाबांना वैशाखातसुद्धा स्वेटर लागतो हो.’ आम्ही मान डोलावली आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. दोन महिने औषध चालले. विस्मरण वाढले, वजन वाढले, मलावष्टंभ वाढला. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी रक्ततपासणी केली तेव्हा थायरॉइड ग्रंथीचे कार्य फार मंदावल्याचे निष्पन्न झाले. त्यावरील उपचारांनी ते गृहस्थ पुष्कळच सावरले आणि मोठ्या मनाने आम्हाला भेटूनही गेले.

त्या रात्री जुना केसपेपर काढून आम्ही बसलो. त्वचा रूक्ष, आवाज जड, अग्नी मंद, शीत असह्य. सारे समोर होते. मंदाग्नी आणि कफप्रधान लक्षणे असता घृत देणे हे तर आपल्याच शास्त्राप्रमाणे विचार करण्याजोगे होते. दशविध परीक्ष्य भाव आम्हाला मुखोद्गत आहेत. त्या दिवशीही होते. कोणी ‘म्हणा’ म्हटले असते तर न अडखळता म्हटले असते. पण कोणी ‘म्हणा’ म्हटले नाही. रुग्ण समोर बसला आणि त्याच्या स्वेटराने आमच्या स्मृतीचे कोणतेच दार उघडले नाही. आमचे पाठांतर प्रकृतीपासून सुरू होत असे, स्वेटरापासून नाही.

हे केवळ आमचे वैगुण्य आहे असे मानण्याचा विनय आम्ही करणार नाही, कारण ह्याचा अनुभव प्रत्येकास आहे. कोणत्याही गणातील नववे द्रव्य सांगा म्हटले की आपण मनातल्या मनात पहिल्यापासून सुरुवात करतो. सतरा साते किती, असे विचारताच मूल सतरा एके सतरापासून निघते. साखळी पाठ असते, कडी पाठ नसते. आणि रुग्ण हा नेहमी मधल्याच कडीपासून सुरू होतो. स्मृतिकारणांत निमित्त, रूपग्रहण, सादृश्य आणि विपर्यय ही चार कारणे अभ्यासाच्या आधी येतात. कारण दिसता कार्य आठवणे, आकार दिसता त्याच्याशी जोडलेली वस्तू आठवणे, सारखे पाहून सारखे आणि विरुद्ध पाहून विरुद्ध आठवणे. ही सारी मधून शिरण्याची दारे आहेत. वेदपाठकांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली होती असे दिसते. पदे सरळ क्रमाने म्हणून ते थांबले नाहीत. जटापाठात दोन पदे पुढे, मागे, पुन्हा पुढे जातात. घनपाठात तिसरे पद येऊन ती वीण आणखी घट्ट होते. हेतू अक्षररक्षणाचा होता, तरी परिणाम असा की प्रत्येक पदाला अलीकडून आणि पलीकडून वाट झाली. युनेस्कोने २००३ साली ह्या परंपरेचा गौरव केला तेव्हा आम्हा सर्वांना अभिमान वाटला. तिच्यातील युक्ती आपल्या कामी घ्यावी असे मात्र फारसे कोणाला सुचले नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या. पहिली, सूत्रे उलट्या बाजूने आठवणे. लक्षण घ्यावयाचे आणि ते कोणकोणत्या व्याधींत सांगितले आहे ते न पाहता लिहावयाचे. द्रव्य घ्यावयाचे आणि ते कोणत्या कल्पांत येते ते सांगावयाचे. प्रारंभी फार लाज वाटते. ‘शीतद्वेष’ एवढा एक शब्द कागदावर लिहून आम्ही पाच मिनिटे बसलो आणि दोन ओळींच्या पुढे गेलो नाही, तीस वर्षांच्या व्यवसायानंतर!

दुसरी गोष्ट म्हणजे रुग्णांचा परवचा. सायंकाळी दवाखाना बंद करताना केसपेपरांचा गठ्ठा पालथा ठेवावा आणि त्या दिवशी पाहिलेले रुग्ण क्रमाने आठवावेत: नाव, गाव, मुख्य तक्रार, अग्नी, मल, निद्रा, दिलेले औषध, मात्रा आणि अनुपान. मग गठ्ठा उलटून पडताळावे. पंधरा मिनिटे लागतात. ह्यात एक अनपेक्षित लाभ झाला. अमुक रुग्णाची निद्रा आठवत नाही म्हणून कागद पाहावा, तर तेथेही ती जागा कोरी! म्हणजे आम्ही विसरलो नव्हतो. आम्ही विचारलेच नव्हते. अशा कोऱ्या जागा पहिल्या आठवड्यात इतक्या निघाल्या की त्यांची संख्या येथे छापावयास मन धजत नाही. दुसऱ्या दिवशी दूरध्वनी करून विचारावे लागे, आणि रुग्णांना आपले वैद्य फारच काळजी घेतात असे वाटू लागले.

औषधविक्रेत्या मित्रांपाशी तर स्मरणाचे एक आयते साधन आहे आणि ते त्यांना ठाऊकही नसते. आपल्या दुकानातील जुना माणूस ‘पुनर्नवा मंडूर’ म्हणताच न पाहता तिसऱ्या फळीवर डावीकडे हात घालतो. स्थळाला वस्तू जोडून लक्षात ठेवण्याची ही रीत प्राचीन ग्रीस आणि रोममधील वक्ते भाषणे स्मरणात ठेवण्यासाठी वापरीत. ओळखीच्या वाड्यातील एकेका दालनात एकेक मुद्दा मनाने ठेवून देत आणि बोलताना त्या वाड्यातून फिरत. २००३ साली लंडनमध्ये स्मरणस्पर्धांत नाव मिळविलेल्या दहा व्यक्तींची तपासणी झाली, तेव्हा त्यांचे मेंदू रचनेने इतरांहून वेगळे निघाले नाहीत. दहांपैकी नऊजण ही स्थलयोजनेची रीत वापरीत होते, एवढाच मुख्य फरक. नवीन विद्यार्थ्याला द्रव्यांचे वर्ग शिकवावयाचे असतील तर त्याला आठवडाभर दुकानात उभे करा, फळ्या वर्गवार लावा, मग डोळे मिटून फळीफळीने हिंडावयास सांगा. हरीतक्यादि वर्ग खिडकीजवळ आणि गुडूच्यादि वर्ग दारापाशी एकदा बसला की तो तेथून सहसा हलत नाही.

आता मूळ मुद्द्यावर, त्या माघ महिन्यातील बाटलीवर येतो. आमचे म्हणणे असे की मेध्य औषध एकटे देऊ नये. त्याच्याबरोबर अर्धे पान छापील सूचना द्यावी: पुस्तक मिटून आठवा, आज, परवा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आठवा, मधूनच आठवा, शिकलेले धाकट्या भावंडाला समजावून सांगा, आणि रात्री झोपा. चरकांनी ज्ञान आणि अज्ञान दोन्ही निद्रेच्या अधीन सांगितली आहेत, आणि आपण मात्र जागरण करणाऱ्याला जागरण सोसावे म्हणून औषध देऊ लागलो आहोत. औषध द्यावयाचेच तर ते ज्येष्ठात, शाळा-महाविद्यालये उघडताना सुरू करावे, अग्नी पाहून. स्मृतिसागर रसासारखे पारद, हरताल, मनःशिलायुक्त कल्प विद्यार्थ्याला काउंटरवरून कधीही देऊ नयेत. ती वैद्याच्या देखरेखीची औषधे आहेत आणि वेष्टनावर तसे लिहावेही लागते. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले विस्मरण असेल तर बाटली फळीवरच राहू द्यावी आणि रुग्णास आधी तपासणीस पाठवावे. थायरॉइड, बी-१२ ह्या जीवनसत्त्वाची न्यूनता, विषाद, डोक्याला लागलेला जुना मार, चालू असलेली झोपेची औषधे ह्यांपैकी कशानेही माणूस विसरू लागतो, आणि ह्यांतील बरीच कारणे वेळीच हाती लागली तर दूर करता येतात.

ह्यावर एक व्यावहारिक आक्षेप येईल, आणि तो खाजगीत आम्हाला ऐकविण्यातही आला आहे. ‘आम्ही नाही दिले तर शेजारचा देईल, माघ-फाल्गुनातला धंदा आम्ही का सोडावा?’ आक्षेप खोटा नाही. दुकानाचे भाडे सूत्रांनी भरले जात नाही. पण हिशेब तरी पुरता करावा. पंधरा दिवसांची एक बाटली घेऊन गेलेला बाप निकालानंतर पुन्हा दुकानात येत नाही; आलाच तर ‘तुमच्या औषधाने काही झाले नाही’ हे सांगावयास येतो. ज्येष्ठात आलेला बाप तीन महिने येतो आणि मुलाला झोप लागू लागली, पोट साफ होऊ लागले, एवढे जरी दिसले तरी आईचे गुडघे दाखवावयास आणतो. शिवाय १९४५ च्या औषधनियमांतील अनुसूची ‘जे’मध्ये, ज्यांविषयी दावा करू नये अशा गोष्टींत, मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढविणे ह्याचा उल्लेख आहे. ती यादी आपल्या औषधांना कितपत लागू होते ह्यावर विधिज्ञांनी खुशाल वाद घालावा. दुकानाच्या काचेवर ‘परीक्षेत हमखास यश’ असे फलक लावणाऱ्यांनी तो वाद स्वतःच्या अंगावर ओढवून घेऊ नये.

पुढील त्रैमासिक सभेसाठी आमचा एक प्रस्ताव आहे. व्याख्यानापूर्वी अर्धा तास राखून ठेवावा. त्यात कोणी एकाने आपला प्रत्यक्षातील रुग्ण, नावगाव वगळून, केवळ दोन लक्षणांनी सांगावा. उपस्थितांनी ग्रंथ आणि भ्रमणध्वनी दोन्ही मिटून, काय काय विचारावयास हवे ते कागदावर लिहावे. आणि मग मूळ केसपेपर वाचावा. तद्विद्यसंभाषेचे हे छोटे रूप आहे. पहिला केसपेपर आम्ही आमचाच आणू. लक्षणे दोन: विस्मरण आणि वैशाखातले स्वेटर.